गेटमधून सरकारी कंपनीत इंजिनिअर: पुण्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

गणपतीच्या आगेमागे गेटचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे, फॉर्म सुटतात आणि माझ्या फोनवर ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. मी इलेक्ट्रिकलची. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत दीड वर्ष काढलं, आता एका औष्णिक वीज केंद्रात आहे. दर वर्षी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून यंदा सगळं एका जागी लिहून ठेवते. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त ‘प्लीज रिप्लाय’ काढून टाकलंय. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. ताई, गेट दिली की पीएसयूला (सरकारी कंपनीला) आपोआप अर्ज जातो ना?

नाही. गेट ही मुळात एमटेक आणि संशोधनाच्या प्रवेशाची परीक्षा. बंगळूरची आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी या सात आयआयटी ती आळीपाळीने घेतात. काही सरकारी कंपन्या स्वतःची लेखी परीक्षा घेण्याऐवजी तिचा स्कोअर वापरतात, एवढंच. प्रत्येक कंपनीची जाहिरात वेगळी निघते आणि तिच्या संकेतस्थळावर गेटचा नोंदणी क्रमांक टाकून वेगळा अर्ज करावा लागतो. शेवटची तारीख गेली की स्कोअर कितीही असो, त्या वर्षापुरतं त्या कंपनीचं दार बंद. दर वर्षी एखादा तरी मला मे महिन्यात विचारतो, ‘कॉल कधी येईल?’ आणि त्याने अर्जच केलेला नसतो.

२. पेपरचं स्वरूप काय?

तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, संगणकावर, फक्त इंग्रजीत. १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. बहुतेक शाखांत साधारण १३ गुण इंजिनिअरिंग गणिताचे आणि उरलेले विषयाचे. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात चूक केली तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न २०२१ पासून आले. त्यांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, पण अर्धवट उत्तराला अर्धे गुणही नाहीत. आपला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो आणि तो चीड आणतो. सराव पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच करा.

३. माझे ६४ मार्क आले आणि स्कोअर ७१७ दाखवतंय. हा काय प्रकार?

मार्क १०० पैकी, स्कोअर १००० पैकी. त्या शाखेच्या खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५० स्कोअर धरतात. अगदी वरच्या मुलांच्या (वरचे ०.१ टक्के किंवा वरचे दहा, जे जास्त असतील ते) सरासरी गुणांना ९०० धरतात. तुमचे गुण या दोन खुणांमध्ये कुठे बसतात, त्यावरून स्कोअर निघतो. समजा पात्रता गुण २८ आणि वरची सरासरी ८२. मग ६४ गुणांना ३५० + ५५० × (३६ ÷ ५४), म्हणजे ७१७. हे २८ आणि ८२ मी उदाहरणासाठी धरलेत, प्रत्यक्षात ते दर वर्षी आणि दर शाखेत बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या मित्राच्या मार्कांशी आपले मार्क ताडून पाहण्यात अर्थ नाही. स्कोअर ताडा, तोही त्याच शाखेतला.

४. क्वालिफाय झालोय, आता पीएसयू पक्की?

पात्रता गुण खुल्या गटाला किमान २५, किंवा त्या पेपरची सरासरी अधिक प्रमाण विचलन, यातलं जे जास्त असेल ते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल गटाला) त्याच्या ९० टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना दोन तृतीयांश. एमटेकच्या अर्जासाठी हे पुरतं. कंपन्या मात्र जागांच्या काही पट मुलं वरून मोजत बोलावतात, त्यामुळे त्यांची रेषा बरीच वर असते. पेढे वाटा, हरकत नाही, पण राजीनामा देऊ नका.

५. गेटवर घेणाऱ्या सगळ्या कंपन्यांची यादी द्या ना.

ही यादी मी मुद्दाम देत नाही, कारण ती दर वर्षी बदलते आणि जुनी यादी ग्रुपवर फिरून मुलांचं नुकसान करते. एनटीपीसी (वीजनिर्मिती), पॉवरग्रिड (वीजवहन), एनपीसीआयएल (अणुवीज) ही नावं वर्षानुवर्षं गेटच्या जाहिरातींत दिसत आली आहेत. सिव्हिलवाल्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या डेप्युटी मॅनेजर पदाची भरतीही गेटवर झालेली आहे. याउलट भेल, बीईएल, एचएएल, एचपीसीएल या सरकारी कंपन्या स्वतःची परीक्षा घेतात. आधी गेट धरणाऱ्या काही तेल कंपन्याही स्वतःच्या परीक्षेकडे वळल्यात. इस्रोही बरीच वर्षं स्वतःचीच परीक्षा घेत आली, पण २०२५ मध्ये तिनेही गेटवर भरती काढली.

माझी पद्धत सांगते. ज्या आठ-दहा ठिकाणी जायचंय त्यांची मागच्या दोन वर्षांची जाहिरात उतरवून घ्यायची आणि पाच गोष्टी हायलाइट करायच्या: कोणत्या वर्षाचा स्कोअर, कोणता पेपर, पदवीवर कोणती शाखा, किती टक्के, किती वय. अभ्यासक्रमाची प्रिंट काढायच्या आधी हे करा. या पाचांतलं एक चुकलं तर ७०० च्या वरचा स्कोअरही कामाचा नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या रडकथांतल्या निम्म्याहून जास्त इथल्याच असतात.

६. स्कोअर चांगला असला की इंटरव्ह्यू नावालाच असतो, खरं का?

कुठे, त्यावर आहे. पॉवरग्रिडच्या जाहिरातींत गेटला ८५ टक्के, मुलाखतीला १२ आणि गटचर्चेला ३ टक्के वजन दिसतं, तिथे स्कोअरच तारतो. डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) सायंटिस्ट ‘बी’ भरतीत गेटला ८० आणि मुलाखतीला २०. पण एनपीसीआयएल आणि बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) गेट फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं, पुढे निवड मुलाखतीच्या गुणांवर. बीएआरसीत तर स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेतूनही त्या दारापर्यंत जाता येतं. तिथे ‘आवडता विषय कोणता?’ विचारतात आणि मग त्या विषयाची सालं काढतात. दोन-तीन विषय असे निवडा की फळ्यावर खडूने आकृती काढून बोलता येईल. आपल्याकडे मुलं गणितं सोडवतात पण रिले का ट्रिप झाला हे तोंडाने सांगायची सवय नसते. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून आम्ही तिघीजणी रात्री शास्त्री रोडवर चालत चालत एकमेकींची तोंडी घ्यायचो. लोक बघायचे. बघू देत.

७. वयाची अट काय? माझं २७ पूर्ण झालंय.

गेटला वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. अट कंपनीची. खुल्या गटासाठी एनटीपीसीच्या जाहिरातींत २७, पॉवरग्रिडला २८, एनपीसीआयएल आणि बीएआरसीला २६ अशी कमाल मर्यादा दिसते. ओबीसीला ३ आणि एससी-एसटीला ५ वर्षं सूट, दिव्यांगांना त्याहून जास्त. वय कोणत्या तारखेला मोजणार ते जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ती तारीख दोन आठवडे इकडे-तिकडे झाली तरी नशीब पालटतं. २७ पूर्ण झालेल्यांनी राज्यातल्या भरतीकडेही पाहावं (प्रश्न १८).

८. बीईला ६१ टक्के आहेत. चालतील?

बहुतेक ठिकाणी ६० टक्के मागतात, तिथे चालतील. एनटीपीसी खुल्या आणि ओबीसी गटाला ६५ मागते, तिथे नाही. सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या सूत्रानेच टक्के काढायचे, आपल्या मनाने दहाने गुणायचं नाही. सूत्र गुणपत्रिकेवर नसेल तर कॉलेजकडून लेखी पत्र आत्ताच घेऊन ठेवा. कागदपत्र तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातले क्लार्क रजेवर असतात, हा अनुभव आहे. आणि ५९.९ म्हणजे ६० नव्हे, वरच्या आकड्याला पूर्ण करत नाहीत.

९. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलोय. अडचण येईल का?

नाही. पदवी पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असली की झालं. टक्के तुमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे, तुम्ही दिलेल्या सत्रांवर मोजतात. उलट डिप्लोमावाल्यांचं मशिन लॅबमधलं ज्ञान मुलाखतीत उपयोगी पडतं.

१०. माझी ब्रँच एआय अँड डीएस आहे (किंवा मेकॅट्रॉनिक्स, किंवा ऑटोमोबाइल). मला चालेल का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि पुण्यात तो वाढत चाललाय, कारण कॉलेजांनी नव्या नावाच्या शाखा भराभर उघडल्या. गेट देण्यात अडचण नाही. कोणत्या शाखेने कोणता पेपर द्यावा याचं बंधन नाही, आणि ठरलेल्या जोड्यांपैकी असतील तर दोन पेपरही देता येतात. डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर २०२४ पासून सुरू झालाय.

अडचण पुढे येते. कंपनीच्या जाहिरातीत दोन रकाने असतात: पदवीची शाखा आणि गेटचा पेपर. दोन्ही जुळावे लागतात. मेकॅनिकलचा पेपर देऊन उत्तम स्कोअर आणला, पण पदवीवर मेकॅट्रॉनिक्स आहे आणि ते नाव यादीत नाही, तर अर्ज बाद. काही जाहिरातींत मेकॅनिकलसोबत प्रॉडक्शन, इंडस्ट्रियल अशी जवळची नावं दिलेली असतात, काहींत दोनच शब्द. आयटीवाल्यांना बहुधा कॉम्प्युटरच्या बरोबरीने धरतात, आपल्याकडची ईअँडटीसीही (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) सहसा सापडते. नाव नसेल तर कॉलेजचं समकक्षतेचं पत्र चालतं का, हे अर्जाआधी कंपनीच्या भरती विभागाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा. फोनवर ‘चालेल चालेल’ म्हणालेला माणूस तपासणीच्या टेबलावर नसतो.

११. तिसऱ्या वर्षालाच गेट देऊन टाकू का?

परवानगी आहे. स्कोअर निकालापासून तीन वर्षं वैध असतो. पण ‘वैध’ या शब्दावर भुलू नका. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या कंपन्या सहसा जाहिरातीत लिहिलेल्या एकाच वर्षाचा स्कोअर घेतात. एनपीसीआयएल आणि बीएआरसीने अलीकडच्या जाहिरातींत आधीच्या वर्षांचेही स्कोअर धरलेत. तेव्हा तिसऱ्या वर्षाचा पेपर रंगीत तालीम म्हणून द्या. फी वाया गेली असं वाटलं तर वाटू दे.

१२. शेवटचं वर्ष चालू आहे, एक विषय राहिलाय आणि विद्यापीठाचा निकाल कायम उशिरा लागतो. काय करू?

शेवटच्या वर्षातल्यांना बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो. पदवी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी आणि टक्के कधी दाखवायचे, ते जाहिरातीत असतं. निकाल लांबला तर काही कंपन्या तात्पुरती निवड धरून मुदत देतात, पण तो त्यांचा हक्क, आपला नाही. राहिलेला विषय मात्र गेटच्या अभ्यासाच्या नावाखाली ढकलू नका. फेब्रुवारीत गेट झाली की मार्च ते मे फक्त पदवीसाठी ठेवा.

१३. आम्ही एनटी-डीमध्ये येतो. फॉर्ममध्ये तसा पर्यायच नाही. आणि मित्र एसईबीसीमधला आहे, त्याचं काय?

इथे सावकाश वाचा. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे महाराष्ट्राचे वर्ग. केंद्रात तसे वेगळे रकाने नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत महाराष्ट्राखाली असेल तर तुम्ही तिथे ओबीसी. यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात जातीचं नाव, स्पेलिंगसकट, शोधा. राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्राचा नमुना. राज्याचं नॉन-क्रीमिलेअर वेगळं, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीचं वेगळं. माझेच पहिल्या वर्षी कागद राज्याच्या नमुन्यात होते आणि तपासणीच्या टेबलावरून परत आले. चूक माझी होती, सेतू केंद्रात अर्ज देताना मी नमुना पाहिलाच नव्हता. अर्जावर ‘केंद्र सरकारच्या सेवेसाठी’ असा पर्याय निवडा आणि तारीख जाहिरातीत मागितलेल्या काळातली आहे ना ते पाहा. तहसील आणि प्रांत कार्यालयात वेळ जातो, म्हणून हे दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावरच सुरू करा. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तिथे वडिलांचं पद पाहतात. खूप मुलं हे न समजल्याने अर्ज खुल्या गटातून करतात.

एसईबीसी हे मराठा समाजासाठीचं राज्याचं आरक्षण, केंद्राच्या कंपन्यांत ते नाही. तिथे मराठा समाजातल्या मुलांना अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएस. त्यात कुटुंबाचं सगळं उत्पन्न, शेतीसकट, ८ लाखांच्या आत हवं. शिवाय ५ एकर किंवा जास्त शेती, किंवा १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर लाभ नाही. सातबारा आजोबांच्या नावावर आहे आणि वाटणी झालेली नाही, असे प्रश्न इथे निघतात. ते मला नका विचारू, तहसीलदार कार्यालयात विचारा.

१४. चष्मा आहे, मेडिकलमध्ये काढतील का?

चष्म्याने सहसा कुणी अडत नाही, नंबर जाहिरातीतल्या मर्यादेत हवा. अडतात ते रंग न ओळखता आल्याने. वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये लाल-हिरवा वेगळा दिसणं हा जिवाचा प्रश्न आहे. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची तपासणी कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. अभ्यासाला लागण्याआधी करून घ्या. दोन वर्षं घालवून शेवटच्या टेबलावर ते कळणं फार वाईट.

१५. पुण्यात क्लास लावू की घरी करू?

क्लास शिस्त देतो, अभ्यास देत नाही. पैसे असतील आणि एकट्याने बसवत नसेल तर लावा. नाहीतर एनपीटीईएलची (आयआयटींची ऑनलाइन) व्याख्यानं फुकट आहेत आणि जुने पेपरही मोफत मिळतात. मागची पंधरा वर्षं स्वतः, घड्याळ लावून, पूर्ण पेपर म्हणून सोडवा. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जुनी घ्या, आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणाही उपयोगी पडतात. अभ्यासिका सदाशिव, नारायण, नवी पेठेत गल्लोगल्ली आहेत. पण तिथली बहुसंख्य मुलं एमपीएससीची असतात, त्यांच्या चहाच्या वेळा आणि राजकारणाच्या चर्चा आपल्या नसतात. अमृततुल्यपाशी दहा मिनिटं म्हणून गेलेला माणूस तासाने परत येतो.

१६. हिंजवडीत नोकरी करतो. सोडू का?

सोडायच्या आधी प्रश्न ५ मधल्या जाहिराती वाचा आणि प्रश्न ७ चा हिशोब मांडा. एकच वर्ष हातात असेल तर नोकरी ठेवून देणं बरं, कारण ट्रेनी पदाला अनुभव लागत नाही आणि गेट हुकली तर तो अनुभवच कामाला येतो. रोज दोन तास आणि शनिवार-रविवार आठ-आठ, एवढं दहा महिने जमलं तर अभ्यास होतो. वाकड पुलावरचे दीड तास मात्र व्याख्यान ऐकण्यापुरतेच. बसमध्ये उभं राहून गणित होत नाही, मी करून पाहिलंय.

१७. पगार नेमका किती? ग्रुपवर कुणी १८ लाख म्हणतं, कुणी ९.

दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चात) भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, घर, वैद्यकीय सगळं मोजतात आणि हातात येतं ते वेगळं. अधिकाऱ्यांची मूळ मासिक वेतनश्रेणी पाहा: ई-१ म्हणजे ४०,००० ते १,४०,०००, ई-२ म्हणजे ५०,००० ते १,६०,०००, ई-३ म्हणजे ६०,००० ते १,८०,०००. ही रचना १ जानेवारी २०१७ पासूनची. मूळ वेतनावर महागाई भत्ता, जो दर तिमाहीला बदलतो, आणि इतर भत्ते मूळ वेतनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत. वार्षिक वाढ ३ टक्के. बीएआरसी आणि डीआरडीओ या कंपन्या नव्हेत, सरकारी खाती आहेत. तिथे केंद्राची लेव्हल १०, म्हणजे ५६,१०० पासून.

१८. गेटऐवजी महावितरण किंवा एमपीएससी करू का? आणि ईएसई?

तिन्हींचा गेटशी संबंध नाही. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती स्वतःची परीक्षा घेतात, मराठी यावी लागते आणि बदली राज्यातच. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा यांचे अधिकारी एमपीएससीतून. ईएसई म्हणजे इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा, यूपीएससीची: वय ३० पर्यंत, आधी ५०० गुणांची पूर्व, मग ६०० ची वर्णनात्मक मुख्य आणि २०० ची मुलाखत. विषयाचा अभ्यास बराच सारखा, पण लिहायची सवय वेगळी. गेट आणि ईएसई पूर्व एकत्र जमतात. गेट आणि राज्यसेवा मात्र जमत नाहीत.

१९. पुण्यात पोस्टिंग मिळेल का?

पहिली काही वर्षं धरूनच चाला की नाही. घरभाडे भत्त्यासाठी पुणे वरच्या ‘एक्स’ वर्गात आहे, पण वीज केंद्रं कोळशाजवळ आणि पाण्याजवळ असतात, डेक्कनजवळ नाही. एनटीपीसीची महाराष्ट्रात मौदा आणि सोलापूरला केंद्रं आहेत, एनपीसीआयएलचं तारापूर आहे. पण सिंगरौली, कोरबा, रावतभाटा, कैगा यांचीही तयारी ठेवा. टाउनशिपमध्ये घर, शाळा, दवाखाना मिळतो. चितळ्यांची बाकरवडी मात्र घरून मागवावी लागते.

पुण्यातच राहायचं असेल तर वेगळ्या दिशेने बघा. पाषाणला डीआरडीओची एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आरअँडडीई या प्रयोगशाळा आहेत, आणि सायंटिस्ट ‘बी’ला गेट चालतं (प्रश्न ६). पण तिथेही पहिली नेमणूक देशात कुठेही. २०२१ मध्ये दारूगोळा कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यातच आहे. तिच्या जाहिराती वेगळ्या निघतात.

२०. मुलीला प्लांटवर पाठवायचं की नाही, घरी वाद चालू आहे.

ही चिठ्ठी एका आईची होती. काकू, शिफ्ट मुलींनाही असते, रात्रीचीही. टाउनशिप कुंपणाच्या आत असते आणि बहुतेक ठिकाणी प्लांटला बस नेते. एनटीपीसीने २०२१ मध्ये फक्त महिला ट्रेनींसाठी वेगळी भरतीही गेटवर काढली होती. गेटच्या फीमध्येही मुलींना निम्मी सवलत आहे. मुलीला विचारा, तिला टर्बाइनचा आवाज आवडतो का. मला आवडतो.

२१. एमटेकला प्रवेश घेतला आणि मग पीएसयूचा कॉल आला तर?

घडतंच. एमटेकचे प्रवेश मे ते जुलैमध्ये होतात, कंपन्यांची पत्रं पुढेही येत राहतात. गेटवर प्रवेश घेतलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे वाट पाहायला ही जागा वाईट नाही. प्रवेश घेतानाच फी परतीचे आणि मूळ कागद परत मिळायचे नियम लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका संस्थेकडे अडकली आणि जॉइनिंगला पाच दिवस उरले, तर धावपळ तुमचीच.

२२. बाँडची रक्कम भरून सोडता येतं का?

येतं. साधारण तीन वर्षांचा बाँड (तेवढी नोकरी करायची लेखी हमी) असतो आणि रक्कम काही लाखांत. पण एका सरकारी कंपनीतून दुसरीकडे जायचं असेल तर आधीच्या ठिकाणाहून रीतसर ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्ज करा. काही वेळा बाँड तसाच पुढे नेता येतो. लपवून अर्ज केला आणि कार्यमुक्तीचं पत्र नाही, तर नवी कंपनी दारातूनच परत पाठवते, आणि जुनी तोवर महिन्याची नोटीस मोजत असते.